अस्थिबंध आणि कूर्चा : वऱ्हाडच्या व्यायामपरंपरेच्या संदर्भात एका वैद्यकीय प्रश्नाचा इतिहास

(१)

अमरावती येथे १९१४ साली अंबादास कृष्ण वैद्य व अनंत कृष्ण वैद्य या बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. आखाड्यातील देशी व्यायामाला शिस्तबद्ध शिक्षणाचे रूप देण्याचे कार्य या संस्थेने ज्या चिकाटीने केले, त्याला वऱ्हाडच्या सामाजिक इतिहासात मानाचे स्थान आहे. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसह भारतीय खेळांची व व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. १९४९ साली स्टॉकहोम येथे भरलेल्या लिंगियाड मेळाव्यातही मंडळाचे पथक उपस्थित होते. या घटना सर्वश्रुत आहेत. संस्थांच्या स्थापनेचा, स्पर्धांचा आणि विजयांचा इतिहास लिहिला जातो, आणि तो लिहिला जाणे योग्यच आहे. परंतु ज्या शरीराच्या बळावर हा इतिहास घडला, त्या शरीराचे पुढे काय झाले हा प्रश्न इतिहासकाराच्या कक्षेत क्वचितच येतो.

मानवी शरीरातील ज्या एका सांध्यावर देशी खेळांचा भार विशेषत्वाने पडतो, तो सांधा म्हणजे गुडघा होय. कुस्तीत एकेरी पट काढताना प्रतिस्पर्ध्याचा पाय धरून तो पिळला जातो. कबड्डीत चढाई करणारा गडी वेगाने वळतो आणि नेमक्या त्याच क्षणी त्याच्या घोट्याला किंवा मांडीला पकड बसते. खोखोत पूर्ण वेगात असताना खांबाला वळसा घालावा लागतो. पाऊल जमिनीत रुतलेले आणि धड फिरत असलेले, अशी अवस्था या तिन्ही खेळांत वारंवार येते. गुडघ्याच्या आतील अस्थिबंध तुटण्यास हीच अवस्था सर्वांत अनुकूल असते.

अस्थिबंध तुटला म्हणजे सांधा अस्थिर होतो, हे उघड आहे. तो दुरुस्त केला म्हणजे सांधा पुन्हा स्थिर होतो, हेही बहुतांशी खरे आहे. परंतु सांधा स्थिर झाला म्हणजे त्यातील कूर्चा सुरक्षित झाली, हे तिसरे विधान पहिल्या दोहोंतून आपोआप निघत नाही. वैद्यकाच्या इतिहासात ही तीन विधाने दीर्घकाळ एकच मानली गेली. ती वेगळी कशी झाली, आणि त्या वेगळेपणाचा वऱ्हाडातील खेळाडूच्या उत्तरायुष्याशी कोणता संबंध पोहोचतो, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

(२)

विवेचनाच्या सोयीसाठी सांध्याची रचना प्रथम पाहणे अगत्याचे आहे. मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि गुडघ्याची वाटी अशा तीन अस्थी या सांध्यात एकत्र येतात. त्यांना चार प्रमुख अस्थिबंध एकमेकांशी जखडून ठेवतात. दोन बाजूंस दोन असतात. सांध्याच्या ऐन मध्यात दोन बंध एकमेकांना छेद देऊन जातात, म्हणून त्यांना स्वस्तिक बंध म्हणतात. यांपैकी पुढचा स्वस्तिक बंध नडगीला पुढे सरकू देत नाही व तिच्या फिरण्याला मर्यादा घालतो. खेळाडूंमध्ये तुटतो तो बहुधा हाच.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. गुडघ्यात त्याची जाडी सामान्यतः दोन ते चार मिलिमीटर, वाटीच्या मागील बाजूस त्याहून काहीशी अधिक असते. शिवाय मांडीचे हाड व नडगी यांच्यामध्ये अर्धचंद्राकृती कूर्चेच्या दोन गाद्या असतात. त्या भार विभागून घेतात. हाडांवरील कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते. भार पडला की तिच्यातील पाणी बाहेर पिळले जाते व भार हटला की आत शोषले जाते. तिच्या वजनाचा बराच मोठा भाग पाण्याचाच असतो. ते पाणी धरून ठेवणारे रेणू व त्यांना वेढणारे तंतूंचे जाळे यांच्या परस्परताणावर तिचा चिवटपणा अवलंबून असतो.

या रचनेतून दोन परिणाम संभवतात आणि पुढील सर्व इतिहास त्यांच्याभोवती फिरतो. रक्तपुरवठा नसल्याने कूर्चेची जखम भरून येत नाही. आणि मज्जातंतू नसल्याने ती झिजत असताना दुखत नाही. वेदना जाणवू लागते तेव्हा झीज पुष्कळ पुढे गेलेली असते व खालचे हाड आणि सांध्याचे अस्तर त्यात ओढले गेलेले असते. तुटलेला अस्थिबंध पहिल्याच दिवशी आपले अस्तित्व जाणवून देतो. बिघडलेली कूर्चा दहा-पंधरा वर्षे मौन पाळते. वैद्यकाचे लक्ष प्रथम कोणाकडे जाणार, हे या एका भेदानेच ठरून गेले.

(३)

भारतीय शल्यपरंपरेत सांध्यांचा विचार सूक्ष्म आहे. सुश्रुतसंहितेत सांध्याची उपमा गाडीच्या आसाला दिली असून, वंगण घातलेल्या आसावर चाक जसे सुरळीत फिरते तसे सांधे श्लेष्म्यामुळे चालतात असा आशय मांडला आहे. फळ्या दोरांनी घट्ट बांधलेली नाव जशी भार वाहते, तसे स्नायूंनी बांधलेले शरीर भार सहन करते, असेही तेथे सांगितले आहे. येथे स्नायू या शब्दाचा अर्थ आजच्या मराठीतील मांसपेशी असा नसून बंध व कंडरा असा आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. स्नायूचा आघात अस्थी, पेशी, शिरा व संधी यांच्या आघातापेक्षाही अधिक घातक होतो, असा सुश्रुताचा निर्वाळा आहे. जानू हे वैकल्यकर मर्म असून त्याच्या आघाताने लंगडेपणा येतो, हेही त्याने नोंदविले आहे.

तथापि या ज्ञानाची मर्यादाही स्पष्टपणे नमूद केली पाहिजे. अस्थींच्या पाच प्रकारांत सुश्रुताने ‘तरुण’ असा एक प्रकार मानला आहे. त्याची स्थाने नाक, कान, मान व नेत्रकोश ही होत. गुडघ्याच्या हाडांवरील पातळ आवरणाचा त्यात समावेश नाही. सांध्याचा गुळगुळीतपणा वंगणाकडे सोपविला गेल्यामुळे ज्या पृष्ठभागावर ते वंगण पसरते त्याचा स्वतंत्र विचार करण्याचे कारण उरले नाही.

वऱ्हाडातील गावोगावच्या व्यवहारात ही परंपरा हाडवैद्य व आखाड्यातील वस्ताद यांच्या हातून पुढे आली. निखळलेला सांधा बसविणे, मोडलेल्या हाडाला बांबूच्या कामट्या बांधणे, मुक्या मारावर आंबेहळदीचा लेप लावणे, सूज उतरल्यावर तेल चोळणे, ही त्यांची साधने होत. बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध रक्तपुरवठा असल्यामुळे विश्रांतीने पुष्कळदा सांधतात. अशा रुग्णास या उपचारांनी गुण येत असे. स्वस्तिक बंधाची गोष्ट निराळी आहे. तो सांध्याच्या द्रवात बुडालेला असतो. तुटलेल्या दोन टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही, आणि गुठळीवाचून जखम सांधण्यास आधारच राहत नाही. सूज उतरली, गडी चालू लागला, की तो बरा झाला असे समजले जाई. पुढे वळताना ‘गुडघा दगा देतो’ किंवा ‘वाटी सरकते’ अशी त्याची तक्रार राहिली, तर ती नशिबाच्या खाती जमा होई. या निदानात वाटीचा दोष नसे; तुटलेल्या बंधामुळे नडगी आपल्या जागेवरून घसरत असे.

(४)

पाश्चात्य शल्यविद्येचा इतिहास याहून फारसा वेगळा नाही, हे विशेष होय. कूर्चेची इजा भरून येणे दुष्कर असते, ही गोष्ट लंडनमध्ये विल्यम हंटर याने १७४३ साली आपल्या निबंधात मांडली होती. परंतु शल्यक्रियेचा ओघ त्या दिशेने गेला नाही. इंग्लंडमधील लीड्स येथे मेयो रॉबसन याने १८९५ साली एका खाणकामगाराच्या गुडघ्यातील तुटलेले स्वस्तिक बंध शिवले आणि १९०३ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तो कामगार पुन्हा कामावर जाऊ शकला, हे त्या शस्त्रक्रियेच्या यशाचे गमक होते. ब्रिस्टलच्या हे ग्रोव्हज याने १९१७ साली मांडीच्या बाहेरील बाजूच्या पट्टीतून नवा बंध तयार करण्याची रीत वर्णिली. स्टॉकहोमच्या ईव्हार पाल्मर याने १९३८ साली गुडघ्याच्या अस्थिबंधांच्या इजांवर विस्तृत ग्रंथ लिहून ताज्या इजेत लवकर टाके घालण्याचा पुरस्कार केला. या सर्वांपुढे प्रश्न एकच होता : सांधा घट्ट कसा होईल?

याच काळात अर्धचंद्राकृती कूर्चेसंबंधी एक हानिकारक समज रूढ झाला होता. पायाच्या स्नायूंचे हे निरुपयोगी अवशेष होत, असे मत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्लँड-सटन याने मांडले. परिणामी ही गादी फाटली की ती समूळ काढून टाकणे हा अनेक दशके सर्वमान्य उपचार होता. रुग्ण काही आठवड्यांत चालू लागे आणि खेळाडू मैदानावर परते. त्यामुळे या समजाविरुद्ध पुरावाच पुढे येत नसे. तो पुरावा १९४८ साली फेअरबँक याने दिला. गादी काढलेल्या गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे काही काळाने पाहता, हाडाच्या कडेवर कंगोरा उभा राहणे, मांडीच्या हाडाचा गोलवा सपाट होणे आणि दोन हाडांमधील अंतर कमी होणे हे तीन बदल त्याला आढळले. तिसऱ्या बदलाचा अर्थ, भार वाहणारी कूर्चा तेथे विरळ होत आहे, असा पुढे लावला गेला.

फेअरबँकच्या निबंधाचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या निष्कर्षापेक्षा त्याच्या दृष्टीत आहे. रुग्ण समाधानी असतानाही सांधा बिघडत असू शकतो, हे त्याने काळाचे अंतर ठेवून पाहिल्यामुळे दिसले. अस्थिबंधांच्या बाबतीत हाच धडा पुढे अमेरिकेच्या लष्करी प्रबोधिनीतील अनुभवाने दिला. तेथील छात्रांच्या स्वस्तिक बंधांना टाके घालून केलेल्या दुरुस्तीचे फळ १९७२ सालच्या वृत्तांतात आशादायक वाटले होते. फीगिन व कर्ल यांनी १९७६ साली पाच वर्षांनंतरची स्थिती मांडली, तेव्हा त्यांतील बहुसंख्य गुडघे पुन्हा दुबळे झाल्याचे दिसून आले. शस्त्रक्रिया तीच, रुग्ण तेच; मोजण्याचा काळ बदलताच निर्णय बदलला.

(५)

टाके घालण्याची रीत मागे पडून नव्या कंडरेचे रोपण करण्याची रीत रूढ झाली. केनेथ जोन्स याने १९६३ साली वाटीखालील कंडरेचा मधला भाग यासाठी वापरला. जपानमध्ये ताकागी याने १९१८ साली दूरबिणीने गुडघ्याच्या आत पाहण्याचा प्रयत्न आरंभिला होता. त्याचा शिष्य वातानाबे याने १९६२ साली दूरबिणीतून फाटक्या गादीचा काही भाग काढला. आणि इंग्लंडमध्ये डँडी याने १९८० साली दूरबिणीच्या साहाय्याने स्वस्तिक बंधाची पुनर्रचना केली. साधने सूक्ष्म झाली आणि सांधा घट्ट करण्याचे कार्य पुष्कळ अंशी साधले. आता कूर्चेचा प्रश्न टाळता येण्यासारखा राहिला नाही.

त्याचे उत्तर शोधण्यास प्राण्यांवरील प्रयोगांची मदत झाली. हेलसिंकी येथील पात्सामा याने १९५२ साली कुत्र्यांच्या गुडघ्यातील अस्थिबंधांच्या इजांवर प्रबंध सादर केला. पाँड व नुकी यांनी १९७३ साली कुत्र्याचा पुढचा स्वस्तिक बंध छेदून झिजेचा संधिवात प्रयोगशाळेत उत्पन्न करता येतो असे दाखविले. ही रीत पुढे जगभर अभ्यासाची मूलरीत झाली. तीतून एक अनपेक्षित गोष्ट कळली. बंध तुटल्यावर कूर्चा लगेच पातळ होत नाही. प्रारंभी ती पाणी अधिक शोषून फुगते, तिच्यातील पेशी अधिक द्रव्य निर्माण करून झीज भरून काढू पाहतात. हा प्रयत्न अखेरीस अपुरा पडतो. ब्रँट व त्याचे सहकारी यांनी १९९१ साली बंध छेदल्यानंतर चौपन्न महिन्यांची स्थिती वर्णिली, तीत कूर्चेची हानी पूर्ण जाडीपर्यंत पोहोचल्याचे आढळले. वर्षानुवर्षे भरपाई आणि मग ऱ्हास, असा हा क्रम आहे.

अस्थिबंध व कूर्चा यांचा संबंध वऱ्हाडातील शेतकऱ्यास आणखी एका मार्गाने परिचित आहे. ओढकामाच्या बैलांत मागील पायाच्या गुडघ्याची वाटी वर अडकून पाय ताठ राहण्याचा विकार आढळतो. वाटीचा आतील बाजूचा बंध छेदणे हा त्यावरील रूढ पशुवैद्यकीय उपचार होय. छेद दिल्यावर बैल बहुधा त्याच वेळी पाय टाकू लागतो. घोड्यांत हीच शस्त्रक्रिया केल्यानंतर काहींच्या वाटीच्या खालच्या टोकाचे तुकडे पडतात व तेथील कूर्चा बिघडते, असे १९८९ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले. बंधाच्या ताणात केलेला बदल कूर्चेला सोसावा लागतो, हे सूत्र येथेही दिसते. अकोला येथे पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे आणि त्याच शहरात २००२ सालापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. या दोन शाखांनी एकत्र येऊन अभ्यासण्याजोगा हा विषय आहे.

(६)

मनुष्याच्या गुडघ्यासंबंधी गेल्या चाळीस वर्षांत जे ज्ञान संपादन झाले, त्याचा सारांश असा की कूर्चेवरील आघात एक नसून चार आहेत आणि ते कालक्रमाने येतात.

पहिला आघात इजेच्या क्षणीच होतो. बंध तुटताना नडगी पुढे घसरते व मांडीच्या हाडाचा बाहेरील उंचवटा तिच्या मागच्या कडेवर आदळतो. चुंबकीय प्रतिमांच्या आगमनानंतर या ठिकाणी हाडाच्या आत रक्तस्राव झालेला दिसू लागला. ताज्या इजांपैकी मोठ्या बहुसंख्येत तो आढळतो. वरून अखंड दिसणाऱ्या कूर्चेतील पेशी तेथे मृत झालेल्या असतात, हे १९९८ साली सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीने दाखविले गेले. अर्थात शल्यविशारदाने सुरी हाती घेण्यापूर्वीच काही हानी होऊन गेलेली असते.

दुसरा आघात सूज व रक्त यांचा. सांध्यात साचलेले रक्त आणि दाहकारक द्रव्ये कूर्चेचे तंतुजाल विरघळविणाऱ्या विकरांना चालना देतात. तिसरा आघात बदललेल्या गतीचा. बंधावाचून चालताना हाडे किंचित निराळ्या कोनात फिरतात आणि भार कूर्चेच्या अशा भागावर पडतो की जो त्यासाठी घडलेला नाही. ज्या भागाला भाराची सवय होती तो उपाशी राहतो. चौथा आघात अर्धचंद्राकृती गादीच्या नाशाचा. अस्थिर गुडघा वारंवार दगा देतो आणि प्रत्येक वेळी गादी थोडी अधिक फाटते.

शस्त्रक्रिया या चारांपैकी कशाचे निवारण करते? चौथ्याचे ती निश्चित करते. पुनर्रचना केलेल्या गुडघ्यात गादी पुढे फाटण्याचे प्रमाण कमी होते, आणि हाच तिच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा होय. तिसऱ्याचे ती अंशतः करते. नडगीचे पुढे घसरणे थांबते, पण धावताना होणारे सूक्ष्म परिभ्रमण पूर्ववत होत नाही, असे २००४ साली गतिमान क्ष-किरण चित्रांच्या साहाय्याने दिसून आले. पहिल्याचे निवारण ती करू शकत नाही. आणि दुसऱ्यात तर ती काही काळ भर घालते. कारण हाडात बोगदे पाडणारी शस्त्रक्रिया ही सांध्याच्या दृष्टीने दुसरी इजाच असते.

दीर्घकालीन निरीक्षणे या विवेचनाशी जुळतात. स्वीडनमधील फुटबॉल खेळणाऱ्या स्त्रियांचा इजेनंतर बारा वर्षांनी अभ्यास करून लोमांडर व सहकाऱ्यांनी २००४ साली असे दाखविले की, सरासरी एकतिसाव्या वर्षी त्यांच्यापैकी सुमारे निम्म्या जणींच्या गुडघ्यांत क्ष-किरणांवर दिसणारा झिजेचा संधिवात होता. पुरुष खेळाडूंत चौदा वर्षांनंतर हे प्रमाण सुमारे चाळीस टक्के आढळले. दोन्ही अभ्यासांत शस्त्रक्रिया झालेले व न झालेले यांच्यात उल्लेखनीय फरक दिसला नाही. फ्रोबेल व सहकाऱ्यांनी १२१ तरुण रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया केली, दुसऱ्यास प्रथम व्यायामोपचार देऊन गरज पडल्यासच शस्त्रक्रिया केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या वृत्तांतानुसार दुसऱ्या गटातील जवळजवळ निम्म्यांना शस्त्रक्रिया लागलीच नाही, आणि दोन्ही गटांच्या स्थितीत लक्षणीय भेद आढळला नाही. नॉर्वेच्या ओयेस्टाड यांनी २००९ साली पूर्वीच्या अभ्यासांचे परिशीलन करून केवळ बंध तुटलेल्या गुडघ्यांत झिजेचे प्रमाण शून्य ते तेरा टक्के, तर गादीचीही इजा असलेल्यांत एकवीस ते अठ्ठेचाळीस टक्के असल्याचे नमूद केले. कूर्चेचे भवितव्य बंधापेक्षाही गादीवर अधिक अवलंबून असते, हा या आकड्यांचा अर्थ होय.

यावरून शस्त्रक्रिया व्यर्थ आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. वळणे, झेपावणे, पकडीतून निसटणे हेच ज्याच्या खेळाचे सार आहे, त्याला स्थिर गुडघ्यावाचून खेळता येत नाही, आणि ज्याचा गुडघा वारंवार दगा देतो त्याची गादी वाचविण्यास पुनर्रचना उपयोगी पडते. परंतु ती कूर्चेचे संरक्षण करील असे आश्वासन देता येत नाही. तुटलेल्या बंधालाच रक्त धरून ठेवणाऱ्या आधाराच्या साहाय्याने सांधण्याची मार्था मरे यांची नवी पद्धती या दृष्टीने लक्षणीय आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डुकरांवरील प्रयोगांत, या रीतीने सांधलेल्या गुडघ्यांतील कूर्चा रोपण केलेल्या गुडघ्यांपेक्षा कमी बिघडली. अमेरिकेत तिला २०२० साली मान्यता मिळाली. मनुष्यात तोच लाभ होतो किंवा कसे, हे ठरण्यास आणखी वर्षे जावी लागतील. कूर्चेच्या प्रश्नाचा स्वभावच तसा आहे.

(७)

हा सर्व इतिहास वऱ्हाडच्या संदर्भात वाचला असता त्याला वेगळे परिमाण प्राप्त होते. मंडळाचे पथक बर्लिनला गेले त्या वर्षी विदर्भात वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली, सेवाग्रामचे १९६९ साली सुरू झाले. अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय १९८४ साली निघाले. म्हणजे या प्रांतातील व्यायामशिक्षण संस्थारूपास आल्यानंतर सत्तर वर्षांनी अमरावतीत वैद्यकीय शिक्षण आले. मधल्या दोन पिढ्यांच्या गुडघ्यांचा इतिहास लिहिण्यास साधनच राहिले नाही.

दरम्यान खेळही बदलला. कबड्डी मातीवरून मॅटवर गेली. २०१४ साली व्यावसायिक साखळी स्पर्धा सुरू होऊन तिला नवे वैभव आले. मातीवर पाऊल घसरते, मॅटवर बुटाची पकड अधिक घट्ट बसते. नॉर्वेतील हँडबॉल खेळाडूंच्या २००३ सालच्या अभ्यासात अधिक घर्षणाच्या कृत्रिम पृष्ठभागावर स्त्रियांच्या स्वस्तिक बंधांच्या इजा अधिक आढळल्या होत्या. कबड्डीसंबंधी असा सुटा अभ्यास व्हावयास हवा. चंडीगढ येथील शल्यविशारदांनी कबड्डीपटूंच्या गुडघ्यांच्या इजांवर लेखन केले आहे, ते या दृष्टीने उपयुक्त पूर्वपीठिका ठरेल.

अधिक गंभीर मुद्दा खेळ संपल्यानंतरच्या आयुष्याचा आहे. स्वीडनमधील निवृत्त खेळाडू आणि वऱ्हाडातील निवृत्त खेळाडू यांचे पुढील जीवन सारखे नाही. ग्रामीण भागातून आलेला गडी तिशीनंतर पुष्कळदा शेतीकडे परततो. उकिडवे बसून निंदणे, ढेकळांतून डवऱ्यामागे चालणे, ओझे घेऊन बांध ओलांडणे, ही कामे गुडघा पूर्ण वाकवून किंवा असमान भूमीवर करावी लागतात. खोल वाकण्यात गादीच्या मागच्या भागावर व वाटीच्या कूर्चेवर भार वाढतो, आणि इजा झालेल्या गुडघ्यात हेच भाग आधी दुबळे झालेले असतात. शहरातील नोकरदारास जी झीज गैरसोयीची वाटेल, ती येथे उपजीविकेचा प्रश्न होते.

यास्तव यशाचे माप बदलणे आवश्यक आहे. रॉबसनच्या खाणकामगारापासून आजच्या कबड्डीपटूपर्यंत ‘पुन्हा कामावर’ किंवा ‘पुन्हा मैदानावर’ हेच माप वापरले गेले. ते खोटे नाही, पण ते सांध्यातील बोलक्या भागाचे माप आहे. मुक्या भागाचे नव्हे. इजा झालेल्या खेळाडूची नोंद तीन वेळा व्हावयास हवी : इजेच्या वेळी गादीची व कूर्चेची स्थिती काय होती, दोन वर्षांनी त्याची हालचाल व मांडीच्या स्नायूंचे बळ किती आहे, आणि पंधरा वर्षांनी तो कोणते काम करतो, कोणते सोडून दिले. अमरावतीस शारीरिक शिक्षणाची संस्था व वैद्यकीय महाविद्यालय एकाच नगरात आहेत. अकोल्यास मनुष्यवैद्यक व पशुवैद्यक दोन्ही आहेत. अशा नोंदीस मोठा खर्च लागत नाही, सातत्य लागते.

प्रतिबंधाचा विचार तर याहूनही जवळचा आहे. उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणे, वळण्यापूर्वी गती आवरणे, कंबर व मांडीचे स्नायू बळकट करणे, अशा पद्धतशीर अभ्यासाने स्वस्तिक बंधाच्या इजा कमी होतात, हे अनेक देशांतील चाचण्यांनी सिद्ध झाले आहे. न तुटलेला बंध ही कूर्चेची सर्वोत्तम शस्त्रक्रिया होय. बैठका, दंड व मल्लखांब यांना शास्त्रीय क्रमात बसविण्याचे कार्य ज्या भूमीत १९१४ साली आरंभिले गेले, तेथील व्यायामशिक्षकांस हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. विजयी पथकांच्या यादीशेजारी त्या खेळाडूंच्या पन्नाशीतील गुडघ्यांची नोंद ज्या दिवशी ठेवली जाऊ लागेल, त्या दिवशी वऱ्हाडच्या व्यायामपरंपरेचा इतिहास खऱ्या अर्थाने पूर्णतेकडे वळला असे म्हणता येईल.